वाचकांचे प्रश्न : हृदयाचा स्नायू आणि कॅल्शियमची ये-जा

मागील अंकात उच्च रक्तदाबाच्या औषधांविषयी लिहिताना, त्यांतील काही औषधे पेशीत शिरणारे कॅल्शियम अडवतात, असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या महिन्याचे सदर कॅल्शियम आणि हृदयाचा स्नायू यांनाच द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या पुस्तकात ‘ट्रोपोनिनला कॅल्शियम जोडले गेले की स्नायू आकुंचन पावतो’ एवढेच वाक्य आहे. हे कॅल्शियम येते कोठून, आणि आकुंचन झाल्यावर जाते कोठे? हातापायांच्या स्नायूंतही हेच घडत असेल, तर हृदयाच्या स्नायूचे वेगळेपण कशात आहे?
(एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : कोठून येते आणि कोठे जाते हाच या विषयातला गाभ्याचा प्रश्न आहे, आणि पाठ्यपुस्तके नेमकी तिथेच घाई करतात. हृदयाच्या स्नायुपेशीत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकमेकांच्या मधल्या फटींत शिरतील असे रचलेले असतात. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरून ओढतात, तंतू एकमेकांवरून सरकतात आणि पेशी आखूड होते. या ओढण्याची ऊर्जा एटीपी या रेणूतून येते. कॅल्शियम ऊर्जा पुरवत नाही, ते फक्त ओढायला परवानगी देते. कॅल्शियम नसताना ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा ट्रोपोमायोसिन नावाच्या लांबट प्रथिनाने झाकलेल्या असतात. ट्रोपोनिनला कॅल्शियम चिकटले, की हे आवरण बाजूला सरकते आणि मायोसिनला पकड मिळते. कॅल्शियम निघून गेले, की आवरण पुन्हा जागेवर येते. ट्रोपोनिनचा शोध जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात लावला. तोवर, एक साधा आयन स्नायूचे नियंत्रण करतो, ही कल्पना त्या काळच्या नामवंत जीवरसायनशास्त्रज्ञांच्या सहजी पचनी पडत नव्हती.

विश्रांतीच्या वेळी पेशीच्या आतील द्रवात मोकळे कॅल्शियम अत्यल्प असते. पेशीबाहेरील द्रवाच्या तुलनेत ते सुमारे दहा हजार पटींनी कमी भरते. हा फरक टिकवून धरण्यासाठी पेशी अखंड ऊर्जा खर्च करते, कारण त्याच फरकामुळे दार किंचित उघडताच कॅल्शियम आत धाव घेते. विद्युत् लहर पेशीवर पोहोचली की प्रथम सोडियम झपाट्याने आत शिरते, पेशीपटलावरील विद्युत्‌दाब बदलतो आणि त्या बदलाने पटलातील कॅल्शियमचे मार्ग उघडतात. हे मार्ग प्रामुख्याने पेशीपटलापासून आत खोलवर गेलेल्या सूक्ष्म नळ्यांमध्ये असतात. त्यांच्या समोर, अवघ्या १२ ते १५ नॅनोमीटर अंतरावर, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या जालिकेची दारे असतात, आणि या जालिकेत कॅल्शियमचा मोठा साठा असतो. बाहेरून आलेले थोडेसे कॅल्शियम त्या दारांवर पोहोचते आणि तेच दार उघडण्याचा संदेश ठरते. मग साठ्यातले कॅल्शियम मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते. थोड्या कॅल्शियमने पुष्कळ कॅल्शियम सोडवावे, अशी ही व्यवस्था आहे. १९९३ साली चेंग, लेडरर आणि कॅनेल यांनी हे सुटणे प्रत्यक्ष पाहिले. एकेका दारसमूहातून सुटणारे कॅल्शियम सूक्ष्मदर्शकाखाली चमकून विझताना दिसले, आणि पेशीभर पसरणारी लाट म्हणजे अशा हजारो ठिणग्यांची बेरीज असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

माणसाच्या हृदयात एका ठोक्याला लागणाऱ्या कॅल्शियमपैकी ढोबळमानाने ७० टक्के जालिकेतून आणि उरलेले पेशीबाहेरून येते. उंदराच्या हृदयात जालिकेचा वाटा ९० टक्क्यांहूनही अधिक असतो. आपण पुढे संशोधनाकडे वळलात, तर उंदरावरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावताना हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

परतीचा प्रवासही याच प्रमाणात होतो. जालिकेच्या भिंतीतील सर्का नावाचा पंप बहुतांश कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घेतो आणि दर दोन आयनांमागे एटीपीचा एक रेणू खर्च करतो. बाहेरून जेवढे आले असेल तेवढे पेशीपटलातील सोडियम-कॅल्शियम विनिमय करणारे प्रथिन बाहेर घालवते. तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर, असा त्याचा हिशेब असतो. एका ठोक्यात आत आलेले आणि बाहेर गेलेले कॅल्शियम सारखे नसेल, तर काही ठोक्यांतच साठा एकतर फुगेल किंवा रिता होईल, म्हणून निरोगी हृदयात हा जमाखर्च ठोक्यागणिक जुळवला जातो.

आता वेगळेपणाविषयी. हातापायांच्या स्नायूत पेशीपटलावरील प्रथिन जालिकेच्या दाराला जवळपास स्पर्श करून असते आणि ते थेट ढकलून दार उघडते. बाहेरचे कॅल्शियम आत येण्याची त्याला गरज पडत नाही. म्हणून बाहेरच्या द्रवातून कॅल्शियम काढून घेतले, तरी असा स्नायू काही काळ आकुंचन पावत राहतो, पण हृदय मात्र लवकरच थांबते. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जड वस्तू उचलायची असेल, तर मेंदू दंडातील अधिकाधिक स्नायूतंतू कामाला लावतो. हृदयाला ही सोय नाही. तिथल्या पेशी विद्युत्‌दृष्ट्या एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि प्रत्येक ठोक्याला सगळ्याच आकुंचन पावतात. राखीव म्हणून कोणी बसून राहत नाही. जोर वाढवायचा तो प्रत्येक पेशीतच, आणि तो वाढवण्याचा मुख्य उपाय म्हणजे ठोक्यागणिक सुटणारे कॅल्शियम वाढवणे. शांत बसलेल्या माणसाच्या ठोक्यात ट्रोपोनिनच्या सगळ्या जागा कॅल्शियमने भरलेल्या नसतात. तो उरलेला भाग हीच हृदयाची शिल्लक होय. जिना चढताना ॲड्रेनलीनमुळे पेशीपटलातील मार्ग अधिक वेळा उघडतात, सर्का पंपही वेगाने चालतो, साठा अधिक भरतो आणि पुढच्या ठोक्याला अधिक कॅल्शियम सुटते.

प्रश्न : रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो, तेव्हा जीव नकोसा होतो. हृदय हाही स्नायूच आहे, तर त्याला असा गोळा का येत नाही? आला तर?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तो सहसा येत नाही, आणि यामागेही कॅल्शियमच आहे. पायाच्या स्नायूतील विद्युत् लहर दोन ते पाच मिलिसेकंदांत संपते, आणि स्नायूचे आकुंचन त्याहून कितीतरी अधिक वेळ चालते. त्यामुळे पहिले आकुंचन संपण्याआधीच दुसरी, तिसरी, दहावी लहर येऊ शकते आणि ही आकुंचने एकमेकांवर चढून स्नायू ताठ राहतो. वजन उचलून धरताना नेमके हेच हवे असते. पोटरीत मज्जातंतू अनावश्यक लहरी पाठवू लागतात, तेव्हा त्याचाच गोळा होतो.

हृदयाच्या पेशीत सोडियम आत शिरल्यानंतर विद्युत्‌दाब लगेच खाली येत नाही, कारण कॅल्शियम हळूहळू आत येतच राहते. त्यामुळे एक लहर २०० ते ३०० मिलिसेकंद टिकते आणि तिच्या बहुतेक काळात पेशी नव्या लहरीला प्रतिसाद देऊ शकत नाही. ती पुन्हा प्रतिसादक्षम होईपर्यंत आकुंचन जवळपास ओसरलेले असते. आकुंचनावर आकुंचन चढवायला फटच उरत नाही. जे कॅल्शियम आकुंचन घडवते, तेच लहर लांबवून दोन आकुंचनांमध्ये अंतर राखते, ही रचना मला या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

‘आला तर’ याचे उत्तर मात्र दोन भागांत द्यावे लागेल. प्राणवायू आणि ऊर्जा पूर्ण संपली, तर कॅल्शियम बाहेर काढणारे पंप थांबतात, मायोसिनला पकड सोडायलाही एटीपी उरत नाही आणि स्नायू दगडासारखा आखडतो. हृदयशल्यविशारदांना ही अवस्था माहीत आहे आणि ती फार उशिराची, बहुधा न परतणारी असते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीतील स्नायूला मात्र खरोखरच पेटका येऊ शकतो. तो हृदयाचा स्नायू नव्हे. तो रक्तवाहिनीचा स्नायू असतो. त्याने छातीत तीव्र वेदना होतात, बहुधा विश्रांतीत किंवा पहाटे, आणि त्यावर कॅल्शियम अडवणारी औषधेच गुणकारी ठरतात. छातीतली वेदना ‘गोळा आला असेल’ म्हणून घरी बसून सहन करू नये, एवढे या निमित्ताने लिहून ठेवतो.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. रक्तदाबासाठी ते ॲम्लोडिपिन घेतात आणि हाडांसाठी कॅल्शियमची गोळी. एक गोळी कॅल्शियम अडवते आणि दुसरी कॅल्शियम देते, म्हणजे एकीने दुसरीचा परिणाम पुसला जात नाही का? आमचे एक नातेवाईक म्हणतात, की कॅल्शियमने हृदय बळकट होते, म्हणून नाचणी आणि दूध वाढवावे; दुसरे म्हणतात, की कॅल्शियम धमन्यांत साचते, म्हणून गोळी बंद करावी. कोणाचे ऐकावे?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. वडिलांच्या डॉक्टरांना न विचारता कोणतीही गोळी बंद किंवा सुरू करू नये.

शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तातील कॅल्शियम प्रति डेसिलिटर साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या अरुंद मर्यादेत ठेवले जाते, आणि ते काम प्रामुख्याने पॅराथायरॉइड ग्रंथींचा संप्रेरक व ड जीवनसत्त्व करतात. आहारात कमी पडले तर हाडांतून काढून घेतले जाते; अधिक झाले तर आतडे कमी शोषते आणि मूत्रपिंड अधिक बाहेर टाकते. त्यामुळे नाचणीची भाकरी खाल्ली म्हणून संध्याकाळी हृदयाच्या पेशीबाहेरचे कॅल्शियम वाढत नाही, आणि एखाद्या दिवशी दूध घेतले नाही म्हणून कमीही होत नाही. नाचणी उत्तम आहे. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देणारे दुसरे धान्य आपल्या स्वयंपाकघरात सापडणार नाही, आणि प्रौढांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुचवलेली दैनंदिन मात्रा १००० मिलिग्रॅम आहे. पण तिचा लाभ हाडांना आहे. हृदयाला लागणारे कॅल्शियम शरीर हाडांची झीज करूनही पुरवतेच.

याला एक अपवाद आहे आणि तो लहान मुलांचा आहे. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने ज्या तान्ह्या बाळांच्या रक्तातील कॅल्शियम फार खाली जाते, त्यांचे हृदय कधीकधी इतके दुर्बल होते, की ती हृदयविफलतेच्या लक्षणांनी दवाखान्यात येतात. भारतातूनही अशा बाळांची वर्णने प्रसिद्ध झाली आहेत. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर यांतील बहुतेक हृदये पूर्ववत होतात, आणि हृदयविफलतेच्या इतक्या सहज उलटवता येणाऱ्या कारणांची उदाहरणे फार थोडी आहेत.

आता ॲम्लोडिपिनविषयी. हे औषध रक्तातले कॅल्शियम कमी करत नाही. ते पेशीपटलातील कॅल्शियमच्या मार्गावर बसून आत येणारा ओघ मर्यादित करते, आणि तेही मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंमध्ये. त्या स्नायूंत ट्रोपोनिन नसते. तिथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनामार्फत काम करते. ओघ कमी झाला की भिंत सैलावते, वाहिनी रुंदावते आणि रक्तदाब उतरतो. पायांच्या घोट्यांवर सूज येते ती याच औषधाच्या परिणामामुळे, आणि ती दिसली तर घाबरून न जाता डॉक्टरांना सांगावे. याच कुळातील व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही औषधे मात्र हृदयावरही काम करतात, ठोके मंद करतात आणि आकुंचनाचा जोर कमी करतात. या औषधांमागचे तत्त्व फ्रायबुर्ग येथील आल्ब्रेश्ट फ्लेकेनश्टाइन यांनी १९६० च्या दशकात उलगडले. व्हेरापामिल दिलेल्या हृदयाची स्थिती कॅल्शियम काढून घेतलेल्या हृदयासारखी होते, असे त्यांच्या लक्षात आले होते.

तेव्हा नेहमीच्या मात्रेतील कॅल्शियमची गोळी ॲम्लोडिपिनचा परिणाम पुसत नाही, कारण ती ज्या रक्तात विरघळते, तिथली पातळी शरीर मुळात हलू देत नाही. या गटातील औषध चुकून फार मोठ्या प्रमाणात पोटात गेले, तर रुग्णालयात शिरेतून कॅल्शियम दिले जाते हे खरे, पण तो आणीबाणीचा उपचार आहे आणि गोळीशी त्याची तुलना होत नाही. खबरदारी हवी ती निराळ्या ठिकाणी. ड जीवनसत्त्वाची ६ लाख युनिटांची इंजेक्शने गुडघेदुखीसाठी पुन्हा पुन्हा घेणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांच्यात रक्तातील कॅल्शियम धोकादायक रीतीने वाढल्याची उदाहरणे आहेत. वडील डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेत असतील, तर हा धोका अधिक गंभीर ठरतो, कारण ते औषध हृदयाच्या पेशीतील कॅल्शियम आधीच वाढवत असते.

धमन्यांत साचणारे कॅल्शियम ही गोष्ट खरी आहे, परंतु तिचा ठोक्याशी संबंध नाही. धमनीच्या भिंतीत मेदाचे थर जमून दाह होत राहिला, की तिथल्या पेशी हाडांतील पेशींसारख्या वागू लागतात आणि तिथे कॅल्शियमचे क्षार बसतात. सीटी स्कॅनवर मोजला जाणारा कॅल्शियम स्कोअर हा त्या जुन्या रोगाचा मागोवा असतो. दुधाच्या पेल्यांचा हिशेब त्यातून निघत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा धोका वाढतो का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काही पाहण्यांत तशी शंका आली आहे, काहींत नाही. आहारातील कॅल्शियमवर मात्र असा ठपका बसलेला नाही. म्हणून आहारातून पुरेसे मिळत असेल, तर गोळी कशासाठी आणि किती काळ घ्यायची, हे वडिलांच्या डॉक्टरांना विचारणे रास्त ठरेल.

प्रश्न : छातीत दुखले म्हणून पतीची ‘ट्रोपोनिन’ तपासणी केली आणि ती ठीक आल्याचे सांगितले. हे ट्रोपोनिन म्हणजे रक्तातले कॅल्शियम मोजणे का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. वर उल्लेख आलेले, कॅल्शियम ज्याला चिकटते तेच हे प्रथिन. ते पेशीच्या आत तंतूंवर बसवलेले असते आणि रक्तात त्याचे प्रमाण नगण्य असते. हृदयाच्या पेशी मरू लागल्या, की ते रक्तात झिरपते. ट्रोपोनिनचे तीन भाग असतात. त्यांपैकी कॅल्शियम प्रत्यक्ष धरणारा ‘सी’ भाग हृदयात आणि हातापायांच्या काही स्नायूंत सारखाच असल्यामुळे तपासणीला निरुपयोगी ठरतो. ‘आय’ आणि ‘टी’ या भागांचे हृदयातील रूप वेगळे असल्याने तेच मोजतात. दुखणे सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत पातळी वाढलेली नसू शकते, म्हणून ही तपासणी ठराविक अंतराने पुन्हा करतात. एकदा ‘ठीक’ आली एवढ्यावर थांबू नये.

प्रश्न : आईचे वय ६६. चालताना धाप लागते म्हणून टू-डी एको केला. पंपिंग ६० टक्के, म्हणजे उत्तम, असे सांगितले. पण अहवालात खाली ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’ असेही छापले आहे. पंपिंग चांगले असताना दोष कसला?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : या आशयाची पत्रे सर्वांत जास्त आली. ‘पंपिंग’ म्हणून जो आकडा सांगतात, तो डाव्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात) भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर जाते हे दाखवतो. ५५ ते ७० टक्के हे सर्वसाधारण मानतात. पण जवनिकेत मुळात किती रक्त भरले आणि ते भरण्यासाठी किती दाब लागला, हे त्या आकड्यात नसते. विहिरीतून पाणी शेंदताना पोहरा नीट बुडाला नाही, तर दोर कितीही जोराने ओढला, तरी वर येणारे पाणी बेताचेच असते. अहवालातील ती ओळ या भरण्याविषयी आहे.

स्नायू सैल होणे म्हणजे ताण काढून घेतल्यावर आपोआप घडणारी गोष्ट, अशी आपली समजूत असते. हृदयात तसे नाही. सैल होण्यासाठी कॅल्शियम ट्रोपोनिनपासून सुटले पाहिजे, सर्का पंपाने ते साठ्यात परत नेले पाहिजे, आणि मायोसिनच्या प्रत्येक डोक्याला पकड सोडण्यासाठी एटीपीचा नवा रेणू मिळाला पाहिजे. म्हणजे विसाव्यालाही इंधन लागते. हृदयाच्या पेशीचा सुमारे एकतृतीयांश भाग ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांनी व्यापलेला असतो, तो काही केवळ आकुंचनासाठी नव्हे. ऊर्जेची चणचण झाली, की आकुंचनाआधी शिथिल होण्यावरच परिणाम दिसू लागतो. धमनी अरुंद झालेल्या रुग्णात जवनिकेचे सैल होणे मंदावलेले अनेकदा आकुंचन बिघडण्यापूर्वीच आढळते.

वयाबरोबर सर्का पंपाची क्षमता कमी होते. वर्षानुवर्षे रक्तदाब अधिक राहिला, तर जवनिकेची भिंत जाड होते, तिच्यात तंतुमय ऊती वाढते आणि ती भिंत ताठ होते. मधुमेह आणि स्थूलता यांनीही हेच घडते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद मिळतात आणि त्यांतील अर्ध्याहून अधिक वेळ भरण्यासाठी असतो. आई भराभर चालू लागली, की ठोके वाढतात आणि भरण्याचा हा वेळच सर्वाधिक कापला जातो. सैल व्हायला वेळ घेणारी जवनिका तेवढ्या अवधीत पुरेशी उघडत नाही, मागे डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) आणि फुप्फुसांत दाब वाढतो, आणि धाप लागते. शिवाय डाव्या जवनिकेच्या भिंतीला स्वतःचा रक्तपुरवठा प्रामुख्याने याच विसाव्याच्या काळात होतो, त्यामुळे तो काळ आक्रसणे दोन्ही बाजूंनी महागात पडते.

असे असले, तरी ‘ग्रेड वन’ हा शब्द वाचून हबकून जाण्याचे कारण नाही. साठीनंतरच्या पुष्कळ व्यक्तींच्या अहवालात तो असतो आणि त्यांतील अनेकांना काहीच त्रास नसतो. आईला धाप लागते, म्हणून मात्र रक्ताल्पता, थायरॉइड, फुप्फुसे आणि हृदयाच्या धमन्या यांची तपासणी झाली आहे ना, हे पाहावे. धापेचे खापर अहवालातील एका ओळीवर फोडून मोकळे होणे योग्य नाही. कारण खरोखर हेच ठरले, तर रक्तदाब आणि साखर काटेकोर ठेवणे, वजन कमी करणे, नियमित चालणे, अंगात पाणी साठत असेल तर ते उतरवणारी औषधे, आणि अलीकडे मूळ मधुमेहासाठी आलेली एसजीएलटी-२ रोधक औषधे यांचा उपयोग होतो. दुर्बल झालेल्या पंपालाच सुधारावे म्हणून हृदयविफलतेच्या रुग्णांत सर्काचे जनुक हृदयात सोडण्याचे प्रयोग झाले. सुरुवातीच्या छोट्या चाचणीने आशा दाखवली, पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांना लाभ दिसला नाही. कारण नेमके ठाऊक असूनही उपाय हाती न लागण्याचे प्रसंग वैद्यकात येतात, त्यांपैकी हा एक.

प्रश्न : प्रत्यारोपणासाठी काढलेले हृदय ‘ग्रीन कॉरिडॉर’ने नेतात, अशा बातम्या वाचतो. शरीराबाहेर हृदय कसे जिवंत राहते? ते वाटेत धडधडत असते का? आणि दुसऱ्याच्या छातीत मज्जातंतू जोडलेले नसताना ते चालते कसे?
(एक वाचक, मुंबई)

उत्तर : धडधडण्यासाठी हृदयाला मज्जातंतूंची गरज नसते. उजव्या कर्णिकेतील एका लहानशा गाठीतल्या पेशी स्वतःहून, ठराविक लयीत विद्युत् लहर निर्माण करतात. मज्जातंतू ही लय फक्त कमी-अधिक करतात. गंमत अशी, की या गाठीतील लहरीची उसळी सोडियममुळे येत नाही, ती कॅल्शियममुळे येते; म्हणजे ठोक्याचा आरंभही कॅल्शियमनेच होतो.

शरीराबाहेरच्या हृदयाला काय लागते, हे सिडनी रिंगर यांनी १८८२-८३ च्या सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शोधले. बेडकाचे हृदय मिठाच्या साध्या द्रावणात बराच वेळ चालते, असे त्यांनी आधी प्रसिद्ध केले होते. पुढे ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या द्रावणात तेच हृदय थोड्याच वेळात क्षीण होऊन थांबू लागले. शोध घेता कळले, की आधीचे द्रावण न्यू रिव्हर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केले गेले होते, आणि लंडनच्या त्या जड पाण्यात कॅल्शियम होते. ऊर्ध्वपातित पाण्यात कॅल्शियमचा क्षार टाकताच ठोके परतले. आधीचा निष्कर्ष रिंगर यांनी स्वतः जाहीरपणे दुरुस्त केला, हे विशेष. प्रयोगासाठी बेडूक निवडला होता हेही पथ्यावर पडले, कारण बेडकाच्या हृदयपेशीत जालिकेचा साठा फार तुटपुंजा असतो आणि प्रत्येक ठोका जवळपास पूर्णपणे बाहेरच्या कॅल्शियमवर अवलंबून असतो. रुग्णालयात शिरेतून लावली जाणारी ‘आरएल’ची (रिंगर लॅक्टेटची) बाटली हे त्याच द्रावणाचे पुढचे रूप आहे आणि तिच्यात आजही थोडे कॅल्शियम असते.

वाटेत मात्र हृदय धडधडू देत नाहीत, कारण धडधडणारे हृदय ऊर्जा खर्च करते. पोटॅशियम भरपूर असलेले थंड द्रावण धमन्यांतून सोडून ते शिथिल अवस्थेत थांबवतात आणि बर्फाच्या थंडाव्यात ठेवतात; अशा रीतीने साधारण चार तासांची मुदत मिळते, आणि रस्ते मोकळे करण्याची घाई त्या मुदतीसाठी असते. थांबवायचेच आहे, तर द्रावणातून कॅल्शियम पूर्णपणे काढून टाकावे, असे कोणालाही सुचेल. पण १९६६ मध्ये झिमरमन आणि हुल्समन यांनी दाखवले, की कॅल्शियमरहित द्रावणात काही मिनिटे ठेवलेल्या हृदयाला पुन्हा कॅल्शियम दिले, तर ते सावरत नाही. पेशीपटले फाटतात आणि स्नायू काही क्षणांत उद्ध्वस्त होतो. म्हणून हृदय थांबवणाऱ्या अनेक द्रावणांत कॅल्शियम कमी ठेवतात, पण शून्यावर आणत नाहीत.

मुंबईच्या वाचकांना ठाऊक असेल, की भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात केले. केपटाउनमधील ख्रिस्तियान बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला कायद्याने मान्यता १९९४ मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या चमूने यशस्वी प्रत्यारोपण केले.

प्रत्यारोपित हृदयाला मंदावणारे मज्जातंतू तुटलेले असतात, म्हणून असा रुग्ण शांत बसलेला असतानाही त्याचे ठोके मिनिटाला ९० ते ११० असतात. तो जिना चढू लागला, की ठोके लगेच वाढत नाहीत. ॲड्रेनलीन रक्तातून हृदयापर्यंत पोहोचावे लागते, मग पेशींतील कॅल्शियमचे मार्ग अधिक उघडू लागतात, आणि त्याला काही मिनिटे जातात. त्याच कारणाने, जिना चढून खुर्चीत बसल्यावरही हे ठोके बराच वेळ वाढलेलेच राहतात. म्हणून अशा रुग्णांना व्यायामाआधी थोडा वेळ सावकाश चालायला आणि व्यायाम थांबवतानाही हळूहळू थांबायला सांगितले जाते.